खडकीच्या सॅपर्सचा माग : ब्रायटन ते नव-शापेल

खडकीत राहणाऱ्या माणसाला बिगुलाची सवय असते. बॉम्बे सॅपर्सच्या सेंटरपासून आमचं घर चालत पंधरा मिनिटांवर. मी तीस वर्षं जवळच्याच एका शाळेत चित्रकला शिकवली, आणि त्या तीस वर्षांत वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील, काका किंवा आजोबा पलटणीतले असायचे. तरीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला माहीत नव्हतं, की २८ ऑक्टोबर १९१४ रोजी खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यात बंदुका आणि संगिनी घेऊन शिरल्या होत्या. त्यांचं काम खरं तर पूल बांधायचं, खंदक खणायचं, सुरुंग लावायचं. त्या दिवशी पायदळ कमी पडलं, म्हणून ४७व्या शीख पलटणीबरोबर त्यांनाही पुढे पाठवलं. गावाचं नाव नव-शापेल.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न चित्रकलेच्या बाईचाच होता: त्यांचं चित्र कुणी काढलंय का? एखादा फोटो?

माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून अमुक माणसं महायुद्धाला गेली, त्यांतल्या अमुक जणांनी प्राण दिले. बस, एवढंच. दोन आकडे आणि १९१४–१९१९ ही सालं. नाव एकही नाही. आजी त्याला ‘जर्मनची लढाई’ म्हणायची. लहानपणी त्या पाटीखाली बसून मी पेरू खाल्लेत. ती पाटीही या प्रवासाला कारणीभूत आहे.

माझी भाची लंडनजवळ राहते. तिला म्हटलं, मला राणीचा राजवाडा नको, लंडन आय नको, हे एवढं दाखव. तिने पाच दिवसांची रजा काढली.

पहिला दिवस : ब्रायटन

लंडनहून ब्रायटन ट्रेनने तासाभराचं. स्टेशनातून उतरत उतरत गेलं की समुद्र दिसायच्या आधी रॉयल पॅव्हिलियनचे घुमट दिसतात. चौथ्या जॉर्ज राजाने हौसेखातर बांधलेला महाल: बाहेरून हिंदुस्थानी, आतून चिनी. भाची म्हणाली, “मावशी, हे म्हणजे लग्नाच्या हॉलचं डेकोरेशन वाटतं.” मला हसू आलं, पण आत गेल्यावर दोघीही गप्प झालो.

डिसेंबर १९१४ पासून जानेवारी १९१६ पर्यंत हा महाल, शेजारचा डोम आणि कॉर्न एक्स्चेंज मिळून जखमी हिंदी शिपायांचं हॉस्पिटल होतं. सातशेहून अधिक खाटा. डोम म्हणजे राजाच्या घोड्यांचा तबेला, तिथेही खाटांच्या रांगा. वेगवेगळ्या धर्मांच्या आणि जातींच्या लोकांसाठी नऊ स्वयंपाकघरं. पाण्याचे नळ वेगळे. पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. हिरवळीवर तंबूत गुरुद्वारा, आणि मुसलमान शिपायांना नमाजासाठी मक्केकडे तोंड करून जागा.

वरच्या मजल्यावर या हॉस्पिटलची कहाणी सांगणारं छोटं दालन आहे. मी तिथे दीड तास होते. चार्ल्स बर्ले या चित्रकाराने १९१५ मध्ये महालातल्या म्युझिक रूमचं तैलचित्र काढलं. ती खोली आम्ही दहा मिनिटांपूर्वीच खाली पाहिली होती: छताला कमळाच्या आकाराची झुंबरं, लाल-सोनेरी भिंतींवर चिनी देखावे. चित्रात त्याच झुंबरांखाली लोखंडी खाटा ओळीने लावलेल्या. पण चित्र कुणाचं आहे? झुंबरांचं. चित्रकाराचा सगळा जीव छतात आणि भिंतींत रमलाय. खाटेवरचे शिपाई म्हणजे ब्रशचे चार-सहा फटकारे.

डग्लस फॉक्स-पिट याने डोमचं चित्र काढलं, ते लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. माझ्याकडे त्याचा प्रिंट होता. तो मी तिथे उभी राहून पुन्हा पाहिला. वर केवढं तरी मोठं गोल छत आणि खाली खाटांच्या रांगांत माणसं. चित्र १९१९ सालचं, म्हणजे हिंदी शिपाई तिथून जाऊन तीन वर्षं उलटल्यावरचं. छत आणि भिंती जागेवर होत्या, त्यांना बघून काढता आलं. माणसं आठवणीने किंवा जुन्या टिपणांवरून काढली असणार.

शाळेत १५ ऑगस्टला सैनिकाचं चित्र काढायला सांगितलं की ज्या पोरांना चेहरा जमत नाही ती पाठमोरा सैनिक काढतात. हातात झेंडा देतात, समोर डोंगर काढतात, की झालं. मी त्यांना नेहमी सांगायचे, बाळा, याला एकदा वळव की आमच्याकडे. ब्रायटनमध्ये भिंतीवरची ती चित्रं बघताना हेच माझ्या तोंडातून निघालं, मोठ्याने. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं.

फोटोंची तऱ्हा निराळी. ए. एच. फ्राय या स्थानिक फोटोग्राफरने हॉस्पिटलचे फोटो काढले आणि त्यांची पोस्टकार्डं निघाली. स्वच्छ चादरी, फेटे बांधून खाटेवर बसलेले शिपाई, मागे झुंबर. हे फोटो लोकांना दाखवण्यासाठी होते: राजाने आपला महाल हिंदी शिपायांना दिला, असं चित्र हिंदुस्थानात उभं राहावं म्हणून. महाल खरं तर १८५० सालीच ब्रायटन शहराने विकत घेतला होता. इंग्रजी, उर्दू आणि गुरुमुखीत फोटोंची पुस्तिकाही काढली होती. तरीही फोटोत एक गोष्ट चित्रकारापेक्षा बरी असते. फोटोग्राफरला ज्याच्याकडे बघायचं नसतं तोही फोटोत येतो. एका फोटोत मागच्या रांगेतला एक पोरगा, विशी-बाविशीचा, सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना स्वतःच्या हाताकडे बघत बसलाय. मनगटाला बँडेज. खाली नाव नाही. मी वहीत त्याचा हात काढून घेतला. चेहरा काढायचं धाडस झालं नाही.

नाव असलेला एक फोटो आहे, मीर दस्त यांचा. २६ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ विषारी वायूच्या हल्ल्यात त्यांनी माणसांना गोळा करून धीर दिला, जखमींना उचलून आणलं. २१ ऑगस्टला पंचम जॉर्जने याच हिरवळीवर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक, दिलं. पदक असलं की नाव लागतं.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. किनाऱ्यावर वाळू नाही, सगळे गोटे. चालताना दगडांचा खळखळ आवाज होतो. आम्ही बटाट्याचे गरम चिप्स घेतले आणि एका सीगलने भाचीच्या हातातला कागदी पुडा अक्षरशः हिसकावून नेला. घरून नेलेले मेथीचे लाडू मात्र सुरक्षित राहिले.

*जाणाऱ्यांसाठी:* पॅव्हिलियनच्या तिकिटात वरचं हॉस्पिटलचं दालन धरलेलं असतं, पण बहुतेक लोक खालचे महाल बघून दमतात आणि वर जात नाहीत. आधी वर जा. बागेच्या दक्षिण बाजूचं दगडी ‘इंडिया गेट’ही बघा. हिंदुस्थानच्या लोकांनी कृतज्ञतेपोटी दिलेली ही कमान २६ ऑक्टोबर १९२१ रोजी पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते खुली झाली.

दुसरा दिवस : छत्री

ब्रायटनमध्ये जे हिंदू आणि शीख शिपाई वारले त्यांना शहराबाहेर पॅचमच्या टेकड्यांवर अग्नी दिला आणि अस्थी समुद्रात सोडल्या. मुसलमान शिपायांना वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केलं. दहनाच्या जागी आता पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. नावही तेच, इंग्रज लोकही ‘छत्री’च म्हणतात. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाने केला. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने उद्घाटन केलं.

गाडीरस्ता नाही. पॅचम गावापर्यंत बस, मग शेतांतून चढण. पाऊस बारीक, आपल्या श्रावणासारखा, पण वारा थेट समुद्रावरून येणारा आणि बोचरा. कुंपणाची फाटकं उघडत, बंद करत, मेंढ्यांच्या मधून जायचं. तासाभराने धुक्यातून एकदम घुमट दिसला. पंढरपूरच्या वाटेवर दुरून कळस दिसला की पाय आपोआप उचलतात, तसंच झालं.

आठ खांबांवर घुमट, आणि समोर तीन मोठ्या दगडी शिळा. या शिळा म्हणजे दहनाच्या चौथऱ्यांवरची झाकणं. देवनागरी, गुरुमुखी, उर्दू आणि इंग्रजीत लेख. नावं मात्र इथे नव्हती. ती २०१० साली लागली: शेजारीच एक साधी भिंत, तिच्यावर ५३ नावं. म्हणजे अग्नी दिल्यानंतर पंचाण्णव वर्षांनी.

दुसऱ्या महायुद्धात या टेकड्यांवर सैन्याचा सराव चालायचा, तेव्हा छत्रीला गोळ्या लागल्या होत्या. नंतर दुरुस्ती झाली. अर्धशतकभर ब्रिटिश माजी सैनिकांची संघटना दरवर्षी इथे यायची. ती थांबल्यावर २००० सालापासून तिथल्या शीख मंडळींच्या पुढाकाराने वार्षिक स्मरण सुरू राहिलं.

वर आमच्याशिवाय कुत्रा घेऊन आलेले एक वयस्क गृहस्थ होते. मी घुमटाचं रेखाटन करत होते, पावसाने कागद लिबलिबीत झालेला. त्यांनी न बोलता माझ्या वहीवर छत्री धरली. दहा-बारा मिनिटं तसेच उभे. मग विचारलं, तुमच्यापैकी कुणी आहे का इथे? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, मी रोज येतो, मलाही यांच्यातलं कुणी माहीत नाही.

*टीप:* बूट चिखलात चालणारे हवेत. पाणी आणि खायला बरोबर घ्या, वर काही मिळत नाही. जूनच्या दुसऱ्या रविवारी स्मरणसभा असते, जमत असेल तर तेव्हाच जा.

तिसरा दिवस : ब्रोकनहर्स्ट

हा थांबा मूळ बेतात नव्हता. आदल्या रात्री भाचीने वाचता वाचता मला लॅपटॉप दाखवला, आणि सकाळी आम्ही साउदॅम्प्टनमार्गे न्यू फॉरेस्टमधल्या ब्रोकनहर्स्टला निघालो. एक गाडी रद्द झाली, दुसरी उशिरा आली. पोचायला दुपार झाली.

मोकळी तट्टं रस्त्यात फिरतात, गाड्या त्यांच्यासाठी थांबतात. सेंट निकोलस चर्च एका टेकाडावर आहे आणि आवारात हजारएक वर्षांचा यू वृक्ष. इथेही लढाईतल्या जखमी हिंदी शिपायांसाठी लेडी हार्डिंज हॉस्पिटल होतं, नंतर ते न्यूझीलंडच्या सैनिकांचं झालं. म्हणून आवारात न्यूझीलंडच्या ९३ कबरी अगदी शिस्तीत. त्यांच्याजवळच एक वेगळा, कोरीव दगड आहे. सुखा नावाच्या माणसाचा.

सुखा शिपाई नव्हता. बरेलीचा सफाई कामगार, हॉस्पिटलात झाडलोट करायला आणलेला. जानेवारी १९१५ मध्ये वारला. जातीने अस्पृश्य. गावात अशी हकिगत सांगतात, की त्याचे अंत्यसंस्कार करायला त्याच्याबरोबरचे हिंदू तयार नव्हते, आणि तो मुसलमान नसल्यामुळे वोकिंगलाही जागा मिळेना. तेव्हा इथल्या पाद्र्याने त्याला चर्चच्या आवारात घेतलं. दगड गावकऱ्यांनी वर्गणी काढून बसवला, हे दगडावरच लिहिलंय. त्याचं गाव, मोहल्ला, प्रांत सगळं कोरलंय. तो ख्रिस्ती नव्हता हेही लिहिलंय, आणि त्याने दुसऱ्यांसाठी आयुष्य दिलं हेही.

मी त्या दगडापाशी खाली गवतात बसले. आपल्याकडे महार शिपायांनी इंग्रजांच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही ठरावीक जातीच लढाऊ असतात, असं ‘लढाऊ जाती’चं खूळ निघालं आणि त्यांना दार बंद झालं. दापोलीला स्थायिक झालेले निवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध सरकारला विनंतीपत्र लिहिलं. १९१७ मध्ये युद्धाला माणसं कमी पडायला लागली तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. म्हणजे मरायला सुद्धा रांगेत उभं राहू दिलं नाही, आणि दिलं ते गरजेपुरतं. झाडू हातात असलेल्या माणसाला कोण चितारणार? ब्रायटनच्या त्या तैलचित्रांतल्या चकचकीत फरश्या रोज कुणीतरी पुसत होतंच ना.

इथे मी चित्र काढलं नाही. दगडावरची सगळी अक्षरं वहीत उतरवून घेतली, ओळीला ओळ.

गावातल्या चहाच्या दुकानात स्कोन, घट्ट मलई आणि स्ट्रॉबेरीचा जॅम मिळाला. दुकानदार बाईंना आम्ही कुठून आलो ते सांगितलं, तर त्या लगेच म्हणाल्या, “सुखाला भेटलात?” जणू तो शेजारच्या गल्लीत राहतो.

चौथा दिवस : ईप्र

लंडनहून युरोस्टारने लील. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्स-बेल्जियमला चालत नाही, शेंगेन वेगळा काढावा लागतो. तो आधी दोन महिने तरी हातात घ्या. लीलला आगाऊ ठरवलेली भाड्याची गाडी काउंटरवरच्या माणसाने कागदपत्रांचं कारण काढून नाकारली. दोन तास आणि बरेच पैसे गेले, पण दुसरीकडे गाडी मिळाली.

ट्रेनमध्ये भाचीने ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहातले गर्डवुडचे फोटो लॅपटॉपवर उघडले होते. एच. डी. गर्डवुड हा अधिकृत फोटोग्राफर. १९१५ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये हिंदी फौजेचे शेकडो फोटो त्याने घेतले. हल्ला चढवणाऱ्या गुरख्यांचे त्याचे फोटो आघाडीच्या मागे, सराव करवून घेतलेले आहेत. ते बघितल्यावर कळतंच, सगळ्यांचे पाय सारखे पडतात. पण फोकिसारच्या खंदकातला, विषारी वायूपासून बचावाची फडकी बांधून ओळीत उभ्या असलेल्या शिपायांचा ऑगस्ट १९१५ चा फोटो बघवत नाही. नाक-तोंड झाकलेलं, फक्त डोळे दिसतात. आणि फोटोखाली एवढंच, की हे हिंदी पायदळ आहे.

मासिया बिबिकोफ नावाची एक तरुण रशियन चित्रकार फ्रान्समध्ये राहत होती. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन मार्सेय बंदरात उतरली, तेव्हा ती तिथल्या छावण्यांत जाऊन रेखाटनं करत बसली. १९१५ मध्ये तिची रेखाटनं छापून आली. मला तिची रेघ आवडली. घाईची आहे, कुठे कुठे चुकलेली आहे, पण माणूस समोर आहे म्हणून काढलेली आहे. ब्रायटनचे चित्रकार खोली काढत होते, आणि ही माणूस काढत होती. स्केच करणाऱ्याला हा फरक पहिल्या नजरेत कळतो.

ईप्रला (तिथले लोक ईपर म्हणतात) जुन्या कापडबाजाराच्या भव्य इमारतीत युद्धाचं संग्रहालय आहे. हे शहर युद्धात पूर्ण जमीनदोस्त झालं होतं. जे जुनं दिसतं ते सगळं नंतर पुन्हा बांधलेलं. हिंदी शिपाई या भागात ऑक्टोबर १९१४ मध्येच आले. मुंबई फौजेची परंपरा असलेल्या १२९व्या बलुच पलटणीचे खुदादाद खान यांनी ३१ ऑक्टोबरला होलेबेकेला सगळे साथीदार पडल्यावर मशीनगन चालवत ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदी शिपाई.

संध्याकाळी मेनिन गेट. बेपत्ता सैनिकांची ५४,००० हून अधिक नावं असलेली कमान, त्यांत हिंदी नावंही आहेत. रोज रात्री आठ वाजता वाहतूक थांबवून बिगुल वाजवतात. १९२८ साली सुरू झालेली ही प्रथा, जर्मन ताब्यातली वर्षं सोडली तर, आजवर चालू आहे. साडेसातलाच जाऊन उभ्या राहा, नाहीतर फक्त पुढच्यांच्या टोप्या दिसतील. बिगुल सुरू झाला आणि मला खडकीचं आमचं स्वयंपाकघर आठवलं, पहाटेचा चहा, गॅसची निळी ज्योत. भाचीने माझा हात धरला.

नंतर तटबंदीजवळचं हिंदी फौजेचं स्मारक बघितलं. चार सिंहांचा अशोकस्तंभ, अंधारात. रात्री जेवायला बटाट्याचे तळलेले काप, चीजची क्रोकेट्स आणि शेवटी गरम वॉफल. थंडीत ते वॉफल अमृतासारखं लागलं.

पाचवा दिवस : नव-शापेल

फ्रेंचमध्ये ‘नव’ म्हणजे नवंच. नवं प्रार्थनाघर, असं त्या गावाचं नाव. सपाट प्रदेश, बिटाची आणि बटाट्याची शेतं, आभाळ खाली आलेलं. आपल्याला दरीडोंगरांची सवय, इथे नजर अडवायला काहीच नाही. तेव्हाही नव्हतं, आणि हेच त्या दिवशी जीवावर बेतलं.

२८ ऑक्टोबर १९१४ ला सकाळी ४७वे शीख आणि आमच्या खडकीच्या दोन कंपन्या मिळून मोकळ्या शेतातून काही शे यार्ड धावत गावात शिरल्या. घराघरांतून, तळघरांतून हातघाईची लढाई झाली. गाव जवळजवळ ताब्यात आलं. मागून कुमक आली नाही. जर्मनांनी उलट हल्ला केला आणि मशीनगनच्या माऱ्यात त्याच मोकळ्या शेतातून माघारी यावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. पूल बांधणारी, वर्षानुवर्षं शिकून तयार झालेली माणसं एका दुपारी संपली. मला याचा राग येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा काय राग, असं कुणी म्हणेल. तरी येतो.

पुढे १० ते १३ मार्च १९१५ ला याच गावासाठी मोठी लढाई झाली, हल्ला करणाऱ्या फौजेत निम्मे हिंदी होते. गढवाल रायफल्सचे गबर सिंग नेगी इथेच पडले, आणि व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या माघारी मिळाला.

स्मारक गावाबाहेर चौकाजवळ आहे. हर्बर्ट बेकर, म्हणजे नवी दिल्लीची सचिवालयं बांधणारे, त्यांचा आराखडा. ७ ऑक्टोबर १९२७ ला उद्घाटन झालं. लांबून सुमारे पंधरा मीटरचा खांब दिसतो, वर कमळ, पायथ्याशी दोन वाघ. जवळ गेलं की गोलाकार आवाराचा अर्धा भाग दगडी जाळीच्या कठड्याचा. मी थबकलेच. ही तर वेदिका, स्तूपाभोवती असतो तो कठडा! सांचीची म्हणतात, पण आम्ही पुण्याचे लोक ती भाजे-कार्ल्याच्या दगडात बघत मोठे झालो. उरलेला अर्धा भाग भिंत. भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं. ज्यांना कबर मिळाली नाही अशांची.

भाचीने आदल्या दिवशीच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर पलटणीनुसार शोध घेऊन फलकांचे क्रमांक लिहून आणले होते. तुम्हीही हे करून जा, नाहीतर त्या भिंतीपुढे हरवायला होतं. आम्ही ‘३ सॅपर्स अँड मायनर्स’, म्हणजे खडकीच्या सॅपर्सचं तेव्हाचं नाव, हे शीर्षक शोधलं आणि तिथे उभ्या राहिलो.

बहुतेकांना आडनाव नाही. शीख नावं आहेत, मुसलमान नावं आहेत, आणि मध्येच आपली. रोमन अक्षरांत अशी काही लिहिलेली की दोनदा मोठ्याने म्हटल्याशिवाय ओळख पटत नाही. कुणा इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं. आम्ही दोघी एकेक नाव वाचायला लागलो. भाची इंग्रजी वळणाने वाचायची, मी ते मराठीत म्हणायचे. हजेरी घेतल्यासारखं. शाळेत तीस वर्षं हेच केलं होतं, त्यामुळे आवाज आपोआप तसा लागला, आणि तीन-चार नावांनंतर मला पुढे म्हणता येईना. मग भाचीने उरलेली वाचली.

दुसऱ्या बाजूला ब्राँझचा एक फलक आहे, १९६४ साली बसवलेला. बर्लिनजवळ कैदेत मेलेल्या आणि झेरेन्सडॉर्फला पुरलेल्या २१० जणांची नावं. तेव्हा पूर्व जर्मनीतल्या त्या कबरींकडे जाणंच अशक्य झालं होतं, म्हणून नावं इकडे आणली.

सांगायला हवं, की मराठा पलटणींतली बहुतेक माणसं या आघाडीवर नव्हती. १०३, ११० आणि ११७ मराठा मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, उपासमारीत घोडे खाऊन दिवस काढले. माझ्या आजोळच्या पाटीवरची माणसं बहुधा तिकडचीच. पण खडकीचे सॅपर्स इथे होते, आणि त्यांचं चित्र किंवा फोटो मला या पाच दिवसांत कुठेच सापडला नाही.

शेतातला माळी गवत कापायचं यंत्र थांबवून आमच्यापाशी आला. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. खांबाकडे, मग माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाला, काढा. मी त्याला वहीतला ब्रायटनचा हात दाखवला, बँडेज बांधलेला. त्याने बराच वेळ पाहिला. मग स्वतःचा, मातीने भरलेला हात त्या पानाशेजारी धरला आणि हसला. मी ताज्या पानावर त्याचाही हात काढला.

रस्त्याच्या पलीकडे पोर्तुगीजांची दफनभूमी आहे, १,८३१ कबरी. तीही बघा, कुणी थांबत नाही तिथे. परिसरात दुकान नाही, स्वच्छतागृह नाही. गाडी नसेल तर बेत्यूनपर्यंत ट्रेनने येऊन टॅक्सी करा आणि परतीची वेळ तेव्हाच ठरवून घ्या. वाटेत आम्ही एका बेकरीतून कांदा घातलेला गरम पाव घेतला होता, तोच कठड्याला टेकून खाल्ला, शेवटच्या लाडवाबरोबर.

भिंतीतल्या छोट्या कपाटात भेटीची वही असते. तिच्यात नाव, गाव आणि शेरा असे रकाने. वरच्या पानभर लंडन, जालंधर, लील, टोरांटो. मी नाव लिहिलं. गावाच्या रकान्यात ‘खडकी’ लिहिलं, देवनागरीत. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. शेवटी ‘कंपनी २० व २१’ एवढं लिहिलं, कपाट लावलं आणि पाऊस वाढायच्या आत आम्ही गाडीकडे पळालो.